कोल्हापूरच्या कामधंद्यांची आणि कामकऱ्यांच्या जगण्याची नोंद

एखाद्या शहरातली लोकं पोटासाठी काय काम करतात, ते कुणाकडनं शिकतात, अवजारं कुठली, मजुरी कशी ठरते, दिवस कसा जातो आणि त्या कामाची बोली काय, हे सगळं आवाजात, फोटोत आणि लिहून जपून ठेवणं म्हणजे कामकरी जीवनाची नोंद. कोल्हापुरात या बाबतीत थोडा उलटा प्रकार झालाय. गूळ, चप्पल, साज, मिसळ यांच्यावर ढीगभर लिहिलं गेलंय, गुळाला २०१४ मध्ये आणि चपलेला २०१९ मध्ये जीआय (त्या त्या भागाच्या मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन) मिळालं, पण आदण (काईलीत एका वेळी आटवलेला उसाचा रस) उतरवणारा गुळव्या किंवा चपलेची वेणी घालणारी बाई शोधायला गेलं तर दोन ओळी मिळायची मारामार. माल प्रसिद्ध आणि माणूस गायब. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारखीच चप्पल रॅम्पवर आणली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, त्यावर इथं जोरदार बोंबाबोंब झाली आणि ती रास्तच होती, पण आपणही कारागिराचं नाव कुठं घेत होतो हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

शहराचा नकाशा हाच खरंतर पहिला दस्तऐवज. कुंभार गल्ली, बुरुड गल्ली, लोणार वसाहत, सोनारांची गुजरी, भवानी मंडपाजवळची चप्पल लाइन, आणि मग शिवाजी उद्यमनगर. नुसती नावं वाचत गेलं तरी कुठला धंदा कधी कुठं बसला याचा अंदाज येतो. आडनावांचंही तेच, सुतार, लोहार, कुंभार, मेस्त्री. मूकपट काढणारे बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री, पेंटर हे कामावरनं पडलेलं.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसली, गुळाचा व्यापार तिथं वाढला. १९०६ मध्ये शाहू मिल या कापड गिरणीची सुरुवात झाली आणि शेतात, बलुत्यात काम करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा घड्याळाच्या काट्यावर कामाला यायची सवय लागली. मिलचा भोंगा झाला की अर्ध्या गावाची चूल पेटायची, पोरांची शाळेची गडबड त्याच्यावरच, घड्याळ घरात नसलं तरी चालायचं. २००३ मध्ये मिल बंद पडली. तिथं शाहू महाराजांचं स्मारक करायचं यावर अनेक वर्षं बोलणं चाललंय, चिमणी अजून उभी आहे. स्मारक होईल तेव्हा होईल, पण साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून दोन्ही कानांनी कमी ऐकू यायला लागलेली माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत आणि त्यांच्याशी मोठ्यानं, शांतपणे, घरी जाऊन बोलायचं काम स्मारकासाठी थांबू शकत नाही.

आता उद्यमनगर. इथल्या कारखानदारीची गोष्ट सांगताना लोकं थेट ऑइल इंजिनापासून सुरू करतात, पण मला वाटतं ती एक पायरी अलीकडची आहे. १९१८ च्या सुमाराला बाबूराव पेंटर आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, विकत आणला नाही. सुतारकाम, धातूकाम, लेथ यांची जाण असलेले हात गावात होते म्हणून ते जमलं. पुढं दामले प्रभात कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, ती कंपनीही १९२९ मध्ये कोल्हापुरातच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे सिनेमा आणि इंजिन हे दोन वेगळे इतिहास नाहीत, एकाच मेस्त्रीपणाच्या दोन फांद्या आहेत. पंचगंगेचं पाणी वर उचलून उसाला द्यायचं तर शेतकऱ्याला इंजिन पाहिजे, दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल येईना, मग रिपेरी करणाऱ्यांनी आधी स्पेअर पार्ट बनवले आणि हळूहळू अख्खी इंजिनं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही त्या पहिल्या पिढीतली नावं, पोवारांच्या नावानं तर आज वसाहतच आहे. नंतर वीज पोचली, शेतावर मोटारी बसल्या, इंजिनांचा धंदा ओसरला, पण लोखंड ओतायची कला शिल्लक राहिली आणि ती गाड्यांच्या पार्टकडं वळली. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि नंतर कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी असा तो पसारा सरकत गेला. जिल्ह्यात आज सुमारे ३०० फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत असं धरतात.

फाउंड्रीत नोंद करायला गेलं की पहिली अडचण येते ती प्रश्नाची. मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा करणाऱ्याला, विचारलं, मामा वाळूत पाणी किती टाकता, तर ते आकडा सांगत नाहीत, वाळू मुठीत घेतात, दाबतात, गोळा मोडून दाखवतात. कडा स्वच्छ तुटली आणि हाताला चिकटली नाही की वाळू झाली. पुस्तकात हेच तीन-चार टक्के पाणी म्हणून लिहिलेलं असतं. (या वाळूला ग्रीन सँड म्हणतात, पण ती हिरवी नसते, चांगली काळीकुट्ट असते, ग्रीन म्हणजे इथं ओली.) भट्टीतला रस १४०० अंशांच्या आसपास ओतायचा असतो, आता त्याला मीटर आलाय, तरी जुना माणूस आधी रंगाकडं बघतो आणि मग मीटरकडं. म्हणून कागदावरची प्रश्नावली घेऊन ऑफिसात बसवून मुलाखत घेतली तर काहीच हाताला लागत नाही, तो माणूस "चांगलं आहे सगळं, साहेब" एवढंच म्हणतो, त्यात मालक बाजूला उभा असेल तर विचारूच नका. कामाच्या जागी, काम चालू असताना, हात दिसतील असा व्हिडिओ आणि मग शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाड्यावर बोलणं, असं दोनदा केलं तर खरी नोंद होते. आवाज रेकॉर्ड करायचा तर फेटलिंगच्या (ओतीव माल घासून साफ करायच्या) ग्राइंडरपासून लांब, नाहीतर नंतर ऐकताना नुसता कर्रर्र आवाज.

गुऱ्हाळाचं पण तसंच, किंबहुना जास्तच. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हंगाम. घाण्यातनं रस निघतो, काईलीत (मोठ्या कढईत) पडतो, चुलवाणाला वाळलेलं चिपाड घालत राहणारा जळव्या वेगळा आणि पाकावर नजर ठेवणारा गुळव्या वेगळा. भेंडीचं पाणी घालून मळी (रसातली घाण) वर आणायची, काढायची, मग रस आटत जातो तसा बुडबुड्याचा आकार बदलतो. गुळव्या थोडा पाक पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळते का बघतो. थर्मामीटर लावला तर तेव्हा ११८ अंशांच्या आसपास दाखवेल, पण ऊस कुठल्या रानातला, खोडवा (कापल्यावर पुन्हा फुटलेला) की नवी लावण, पाऊस किती झाला याच्यावर तो गडी थोडं अलीकडं-पलीकडं उतरवतो आणि ते अलीकडं-पलीकडं म्हणजेच त्याची मजुरी. पाक वाफ्यात ओतायचा, घोटायचा, साच्यात भरून रवे करायचे. दिवसाला किती आदणं निघाली यावर गप्पा. मार्केट यार्डात पिवळाधमक गूळ मागतात म्हणून पावडरी आल्या, काळसर गूळ चांगला हे शहरातल्या लोकांना आत्ता आत्ता कळायला लागलंय, गुळव्याला ते कायमच माहीत होतं पण त्याला विचारलं कुणी. गुळव्याचं काम शिकायला शाळा नाही, बाप किंवा मामाच्या मागं चार-पाच हंगाम उभं राहायचं एवढंच, आणि नव्या पोरांना ती धग नको वाटते. गुऱ्हाळं वरचेवर कमी होत चाललीत त्यामागं हेही एक कारण, साखर कारखान्यांचा ऊसदर हे दुसरं.

चपलेबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर निदान वस्तू म्हणून तरी लिहिलं जातं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कमवायचं, रापीनं कापायचं, आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवायचं, खिळा नाही. कापशी, कुरुंदवाडी, पुकारी, बक्कलनाळी, पायताण, कचकडी ही नावं बघा, काही गावावरनं, काही घडणीवरनं. चालताना करकर वाजावी म्हणून तळाच्या थरांमध्ये जे बसवतात त्याला विंचू म्हणतात, असा शब्द कुठल्या कॅटलॉगमध्ये सापडायचा नाही. सुभाषनगर, जवाहरनगर भागात घराघरात हे काम चालतं, कातडं कमावणं आणि कापणं बहुतेक पुरुषांकडं, वेणी आणि बारीक विणकाम बायकांकडं. इथं जातीचा विषय येतोच आणि तो टाळून केलेली नोंद खोटी ठरते. कमावण्याचा वास, त्यामुळं झालेली शिवाशिव, त्याच चपलेवर बाकीच्यांनी दाखवलेला रुबाब, हे सगळं त्या धंद्याचाच भाग आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांसाठी राखल्या, दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन स्वतः चहा प्यायले, ते याच गावात.

बायकांचं काम नोंदीतनं सगळ्यात सहज सुटतं कारण ते घरात होतं आणि विचारलं तर त्या स्वतःच "मी काय करत नाही, घरीच असते" असं सांगतात, सांगताना हात मात्र चालू. जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीचं पैंजणाचं जोडकाम असंच घरोघरी चालतं. इचलकरंजीत मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका. तिथला पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला आणि आज त्या गावाची बोलीच मागाची झालीय: खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारा मागवाला, वहिफणीवाला (उभे धागे मागासाठी ओवणारा) वेगळा, सायझिंगवाला (सुताला खळ लावणारा) वेगळा, मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर. इचलकरंजी हा स्वतंत्रच विषय आहे, इथं पुरे.

शब्द गोळा करणं हे या सगळ्यातलं स्वस्त आणि घाईचं काम. मळी काईलीवरची वेगळी आणि साखर कारखान्यातली (मोलॅसिस) वेगळी. उचल (आधी घेतलेले पैसे), उक्तं (ठरीव रकमेत घेतलेलं काम), रोजंदारी, जॉबवर्क, हे चार शब्द नीट समजले तर माणूस कुणाच्या किती देण्यात आहे ते कळतं. फाउंड्र्यांत आणि मागांवर आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची पोरं मोठ्या संख्येनं आहेत, त्यांचे शब्दही इथल्या शब्दांत मिसळतायत, "मेस्त्री" म्हणायचं की "उस्ताद" हे शॉप बघून ठरतं, आणि त्यांना वगळून फक्त मराठी माणसांच्या मुलाखती घेतल्या तर आजचं कोल्हापूर निम्मंच येईल.

सरकारी कागद आहेत, नाही असं नाही. १८८६ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये कोल्हापूरच्या खंडात धंद्यांची माहिती आहे, संस्थानची दफ्तरं पुरालेखागारात आहेत. पण त्यांत माणसं जातवार आणि धंदेवार मोजलीत, बोलत नाहीत. घरातले कागद म्हणजे हजेरीची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, पॅटर्नच्या वह्या, हे जास्त बोलके, आणि तेच आधी जातात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं, गणपतीच्या मूर्ती भिजल्या याच्या बातम्या आल्या, घरातल्या वह्यांची बातमी होत नाही. नदीकाठच्या गल्ल्यांत काम करणाऱ्यांनी म्हणून आधी कागदांचे फोटो काढून घ्यावेत, मुलाखत नंतर झाली तरी चालते.

बाकी साधे नियम. परवानगी नुसती तोंडी नको, मराठीत किंवा हिंदीत दोन ओळी लिहून, वाचून दाखवून घ्यावी. मजुरीचा आकडा नावासकट छापू नये, उद्या त्याला कामावरनं काढतील. आणि फोटो काढले तर प्रिंट नेऊन द्यावी. मोबाइलवर पाठवलेला फोटो लोकांना आवडतो, पण भिंतीवर लागत नाही, आणि दुसऱ्यांदा त्या घरात गेल्यावर प्रिंट भिंतीवर दिसली की पहिल्या वेळी न सांगितलेल्या गोष्टी चहाबरोबर आपोआप निघतात.