निपल ड्रिंकर (परसातील कोंबड्यांसाठी)

निपल ड्रिंकर हे कोंबड्यांना थेंबाथेंबाने पाणी देणारे साधन आहे. बादलीला किंवा पाइपाला बसवलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या तोटीतून स्टीलची बारीक पिन बाहेर आलेली असते. कोंबडीने ती चोचीने ढकलली की आतली झडप उचलली जाते आणि पिनेवरून थेंब ओघळतो. चोच बाजूला झाली की झडप पुन्हा बसते. मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये ही पद्धत रुळून बरीच वर्षे झाली. आता घरामागे पाच-दहा गावरान, वनराज किंवा गिरिराज कोंबड्या पाळणारेही ती वापरतात. बसवण्याचे काम तासाभराचे आहे. नागपुरात खरा विचार करावा लागतो तो उन्हाळ्याचा.

कोंबडी पायाने उकरणारी जात. सकाळी धुऊन भरलेल्या परळात तासाभरात माती, भुसा आणि विष्ठा पडलेली दिसते. रक्ती हगवण आणि जंत विष्ठेवाटे पसरतात, त्यामुळे एका आजारी पक्ष्याने घाण केलेले पाणी साऱ्या खुराड्याला भोवू शकते. उघड्या पाण्यावर कावळे, कबुतरे, बगळेही येतात. मार्च २०२४ मध्ये नागपुरातील शासकीय अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून रानपक्ष्यांची विष्ठा आपल्या कोंबड्यांच्या पाण्यात जाऊ न देणे ही केवळ मोठ्या पोल्ट्रीवाल्यांची काळजी राहिलेली नाही. पावसाळ्यात न उपसलेल्या भांड्यात डासांच्या अळ्या होतात, तो त्रास घरातल्या माणसांनाच होतो. निपलमध्ये पाणी झाकलेले राहते आणि खालचा भुसा कोरडा राहतो.

निपल दोन तऱ्हांचे मिळतात. उभे निपल तळाला लावतात. अशी बादली टांगावीच लागते, कारण जमिनीवर टेकवली की पिना वाकतात. आडवे निपल बादलीच्या भिंतीला, तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर बसतात. बादली विटांवर ठेवता येते आणि तळाशी साचलेला गाळ झडपेपर्यंत पोचत नाही. ज्यांच्याकडे बोअरचे क्षारयुक्त पाणी आहे त्यांनी आडवेच घ्यावेत. क्षाराचा बारीकसा कण झडपेत अडकला की एक तर ती ठिबकत राहते, नाही तर साफ बंद पडते.

बादली अपारदर्शक आणि फिक्या रंगाची असावी. पारदर्शक बादलीत शेवाळ धरते, काळी बादली उन्हात तापते. रंगाच्या रिकाम्या बादल्या स्वस्तात मिळतात, पण त्या वापरू नयेत. ज्या बादलीत खाद्यपदार्थ येतात ती चांगली. भोक निपलच्या आट्यांपेक्षा किंचित लहान पाडायचे. मापे कंपनीगणिक बदलतात, म्हणून आधी एखाद्या फुटक्या डब्यावर भोक पाडून पाहिलेले बरे. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे देऊन निपल हातानेच आवळावा. पान्याने जोर लावला तर प्लास्टिक चिरते. झाकणाला एक बारीक भोक ठेवावे. झाकण घट्ट असले तर आत हवा जात नाही आणि बादली भरलेली असूनही पाणी यायचे थांबते. नव्याने बसवणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

निपल कमी दाबावर चालतो. गच्चीवरच्या टाकीची लाइन सरळ जोडली तर पाण्याच्या भाराने झडप इतकी घट्ट दाबली जाते की चोचीला पिन हलत नाही, आणि हललीच तर चिळकांडी उडते. खुराड्यापाशी एक छोटी टाकी ठेवून तिला कूलरमध्ये बसवतात तसा फ्लोट लावावा. नागपूरच्या घरात हे काम कुणाला शिकवावे लागत नाही. पिन दाबून धरल्यावर मिनिटाला साधारण ३० ते ६० मिलिलिटर पाणी यावे. औषधाच्या मापाने मोजता येते. पाइपाची लाइन केली तर ती पाणसळ लावून सपाट बांधावी, दोन निपलांत २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि शेवटच्या टोकाला एक उभी नळी उघडी सोडावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. पोल्ट्रीत एका निपलवर आठ-दहा पक्षी धरतात. घरी तीन-चार पक्ष्यांमागे एक असावा, शिवाय एकूण दोनांहून कमी कधीच नसावेत, कारण दांडगी कोंबडी एकुलत्या निपलपाशी ठाण मांडून बसते.

उंची ठरवायला कोंबडी पिताना जवळ बसून पाहावे. उघड्या भांड्यातून पिताना ती चोच बुडवते आणि पाणी घशात उतरावे म्हणून दर घोटाला मान वर करते. निपलखाली मान आधीच वर असते. ती डोके जरा तिरके करून एका डोळ्याने चकाकणारी पिन न्याहाळते, टक् करून ठोकते आणि गळ्याची पिसे हलतात. तळवे जमिनीवर सपाट आणि मान किंचित ताणलेली, ही बरोबर उंची. पिन खाली असली तर कोंबडी तिला बाजूने धडकते, पाणी सांडते आणि निपलखाली ओला गोल उमटतो. पिलांसाठी पहिले एक-दोन दिवस पिन डोळ्यांच्या पातळीवर ठेवून पुढे दोरीने चढवत न्यावी. लहानमोठे पक्षी एकत्र असले तर मोठ्यांच्या मापाची उंची ठेवून लहानांसाठी खाली वीट द्यावी.

पिले काही तासांत शिकतात, जुन्या कोंबड्यांना काही दिवस लागतात. पिन बोटाने हलवून तिच्यावर थेंब लोंबता ठेवला की चौकस तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) आधी येते आणि तिचे पाहून बाकीच्या. जुने भांडे सकाळी दोन-तीन तास उचलून ठेवावे आणि प्रत्येक पक्षी पिताना दिसल्यावरच कायमचे काढावे. ही सवय पावसाळ्यात किंवा थंडीत लावावी. होळीनंतर नव्याने सुरू करणे धोक्याचे, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, तर मुळीच करू नये.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडी टाकून धापते आणि अंगातले पाणी वाफेवाटे घालवून तग धरते. एरवी अंडी देणारी कोंबडी दिवसाला २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते, या दिवसांत त्याच्या दुप्पट किंवा अधिकही. अंड्याच्या कवचाआतला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे पाणी कमी पडले की अंडी घटतात. त्यातच उन्हातल्या पाइपातले पाणी दुपारी इतके तापते की पक्षी एक ठोका मारून मागे सरतात. बादली सावलीत हवी. तिच्याभोवती ओले पोते गुंडाळले की कोरड्या हवेत खसच्या ताट्यांसारखाच गारवा येतो. बाटलीत गोठवलेला बर्फ आत सोडावा आणि पाइप असेल तर बारा व तीनच्या सुमाराला शेवटचा नळ उघडून तापलेले पाणी काढून टाकावे.

एवढे करूनही उन्हाळ्याचे दोन महिने केवळ निपलवर विसंबू नये. धापणाऱ्या पक्ष्याला थेंबाथेंबाने तहान भागवणे जड जाते. तुरा आणि गळ्याखालचे लोलक पाण्यात बुडवून कोंबड्या अंग निववतात, ती सोय निपलमध्ये नाही. मातीचे एक परळ सावलीत ठेवावे, दिवसातून तीनदा विसळून भरावे आणि पावसाची झड लागली की उचलावे. डिसेंबर-जानेवारीत मात्र काही वेगळे करावे लागत नाही. परदेशी माहितीत पाणी गोठू नये म्हणून हीटर लावायला सांगतात, त्याची इथे गरज नाही.

या पद्धतीतला खरा धोका असा की पाणी दिसत नाही. परळ रिकामे झाले तर जाता-येता कळते. बंद पडलेला निपल बाहेरून चालू निपलसारखाच दिसतो. म्हणून रोज सकाळी दार उघडताना प्रत्येक पिन बोटाने दाबून पाहावी. क्षार धरलेले निपल व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास बुडवले की मोकळे होतात. बादली आठवड्याला घासावी. ब्लीचिंगचे पाणी वापरायचे असेल तर ते वेगळ्या दिवशी. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वासारख्या आम्लात ते मिसळले की विषारी वायू सुटतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पाण्यातून द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून क्लोरीन पूर्ण बंद ठेवावे, नाही तर लस निकामी होते. पिना चालू असूनही एखादी कोंबडी मान टाकून बसली, पीत नसेल, तर दोष बादलीत शोधत बसू नये. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. पक्षी टोपलीत घालून डॉक्टरांना दाखवावा, आणि उन्हाचे दिवस असतील तर वाटेत पाजायला पाणी सोबत घ्यावे.