पार्श्वभूमी : खाण्याच्या सोयाबीनला बाजार का मिळाला नाही

बाजार समितीत सोयाबीनचे पोते उलटले की आधी हवा (ओलावा) पाहतात, मग माती-काडी, मग डागी दाणा. ‘दहा-दोन-दोन’ म्हटले की सौद्याचे निम्मे बोलणे संपते : ओलावा १० टक्के, कचरा २, डागी २. प्रथिन किती, हे कोणी विचारत नाही. ज्या दाण्यात वजनाच्या सुमारे ४० टक्के प्रथिन असते, त्याच्या बाबतीत हे विचित्र आहे. पण हे पीक आपल्याकडे कशासाठी रुजले हे पाहिले की कोडे सुटते.

सोयाबीन अगदीच परके नव्हते. कुमाऊँच्या डोंगरात काळा भट पूर्वीपासून खाल्ला जातो, आणि मध्य भारतात ‘कालीतुर’ नावाचा काळ्या दाण्याचा जुना वाण होता. १९३५ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून सोयाबीनविषयी लिहिले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ते रोजच्या जेवणात घालून पाहिले. म्हणजे सुरुवातीचा विचार ताटाचाच होता. तो पुढे सरकला नाही, कारण सोयाबीन तुरीसारखे शिजत नाही, त्याचे वरण घट्ट मिळून येत नाही आणि कच्चट वास राहतो.

खरी लागवड सुरू झाली ती वेगळ्या वाटेने. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या दाण्याचे वाण तपासले. १९६७ मध्ये सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. माळव्याच्या भारी काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बीत गहू-हरभरा घेण्याची रीत होती. त्या रिकाम्या खरिपात ९५ ते १०५ दिवसांचे हे पीक चपखल बसले. १९७० च्या सुमारास देशभरात जेमतेम ३० हजार हेक्टर असलेले क्षेत्र आज १ कोटी २० लाख हेक्टरच्या आसपास आहे. मराठवाडा-विदर्भात १९९४ चा जेएस ३३५ इतका पसरला, की अनेक गावांत सोयाबीन म्हणजे तोच वाण.

एवढा माल घेणारा मात्र एकच होता, सॉल्व्हंट प्लांट. प्लांटमध्ये दाणा फोडून, गरम करून, पातळ पापडी करतात आणि हेक्झेन या द्रावकाने तेल काढतात. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८१ किलो डीओसी, म्हणजे तेलविरहित पेंड मिळते. आता समजा तेल १२० रुपये किलो आणि पेंड ३४ रुपये किलो आहे. तेलाचे झाले २,१६० रुपये आणि पेंडीचे २,७५४. ‘तेलबी’ म्हणवणाऱ्या पिकाचा निम्म्याहून अधिक पैसा पेंडीत, म्हणजे प्रथिनात असतो. पेंड किलोमागे ५ रुपयांनी उतरली तर क्विंटलमागे ४०५ रुपये जातात आणि त्यांची झळ थेट शेतकऱ्याच्या भावाला बसते. धोरणाने मात्र हिशेब तेलाचाच मांडला. १९८६ चे तंत्रज्ञान अभियान तेलबियांचे होते, आणि खाद्यतेलाची आयात कमी करणे हा त्याचा हेतू होता. पेंड गेली कोंबडीखाद्यात आणि निर्यातीत.

मग हीच पेंड माणसांनी का खाऊ नये? इथे गाडी तांत्रिक कारणाने अडते. पशुखाद्याच्या पेंडीतले हेक्झेन काढताना तिला वाफेवर चांगली भाजतात. त्याने पचनाला आडवा येणारा ट्रिप्सिन इन्हिबिटर मरतो, पण प्रथिनही गोठते आणि पाण्यात विरघळेनासे होते. कोंबडीला त्याने काही बिघडत नाही. सोयावडी करायची तर मात्र प्रथिन विरघळणारे हवे. त्यासाठी साल आधी काढावी लागते, वाळू पूर्ण जावी लागते आणि हेक्झेन कमी उष्णतेत झटकन उडवणारी वेगळी यंत्रणा लागते. वडीच्या पिठात साधारण पंचवीस टक्के पाणी घालून एक्सट्रूडर या दाबयंत्रात १४० अंशांच्या वर दाबाखाली ते ढकलतात. तोंडाशी दाब सुटला की पाण्याची वाफ होते आणि वडी फुगते. पिठात तेल जास्त राहिले तर पीठ नुसते घसरते, तंतू धरत नाही. जास्त भाजलेले पीठ वापरले तर वडी खड्यासारखी होते आणि भिजत नाही. अशी स्वतंत्र यंत्रणा बसवण्याइतकी खात्रीची मागणी कमीच प्लांटना दिसली.

घरगुती वाट सोपी आहे, पण ती चुकीच्या पद्धतीने लोकांपर्यंत गेली. गव्हात मूठभर कच्चे सोयाबीन टाकून दळण आणायचे, हा सल्ला अजून ऐकू येतो. तसे करू नये. तव्यावरच्या मिनिटभराच्या उष्णतेने इन्हिबिटर पुरता मरत नाही. शिवाय दाणा फुटून ओलावा लागला की लायपॉक्सिजनेज हे विकर तेलावर काम करून तो नकोसा वास तयार करते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत १९८५ मध्ये सोयाबीन प्रक्रिया केंद्र सुरू झाले. तिथली पद्धत अशी : साल काढून डाळ करायची, एक किलो डाळ तीन लिटर उकळत्या पाण्यात टाकून सुमारे २५ मिनिटे उकळायची, निथळून कडकडीत वाळवायची, मग नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळायची. डाळ थंड पाण्यात घालून तापवली तर वास आधीच तयार झालेला असतो, म्हणून पाणी आधी उकळलेले हवे. आणि पीठ थोडे थोडेच दळावे. त्यात तेल असल्याने ते लवकर खवट होते.

२०२१ पासूनच्या घडामोडींनी एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत दाखवली. त्या ऑगस्टमध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला आणि कोंबडी व्यवसायाच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. जीएम सोयाबीन पेरायला देशात आजही मुभा नाही, हे इथे आठवायला हवे. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदेबाजारातले व्यवहार थांबवले गेले. पुढे मका आणि तांदळापासून इथेनॉल वाढले. त्यातून उरणारा डीडीजीएस हा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीपेक्षा स्वस्त पडू लागला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, खुल्या बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट अडचणीची ठरली, ती नोव्हेंबरमध्ये १५ टक्क्यांवर न्यावी लागली.

दरम्यान संशोधनाने ताटाकडे जाणारी वाट उघडली आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या एनआरसी १२७ या वाणात कुनिट्झ ट्रिप्सिन इन्हिबिटर (पचनाला आडवा येणारा तोच घटक) नाही, आणि एनआरसी १४२ मध्ये तो आणि वासाला कारण असलेले लायपॉक्सिजनेज-२ हे दोन्ही नाहीत. अशा दाण्याचे दूध आणि टोफू करणे सोपे जाते. पण दाणा दिसायला जेएस ३३५ सारखाच पिवळा. अडतीवर तो इतर मालात मिसळला की त्याचा गुण संपला, आणि भाव तोच मिळाला.

त्यामुळे हा माल वेगळा ठेवण्याची सोय पेरणीपूर्वीच ठरवावी लागते : खरेदीदाराशी लेखी करार, पिशवीबंद बियाणे, मळणीयंत्र आधी झाडून घेणे, वेगळी पोती. मळणी दाण्यात १३-१४ टक्के ओलावा असताना आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ३५०-४०० ठेवून करावी. सोयाबीनचे साल पातळ असते. ड्रम वेगात फिरला की दाणा फुटतो, फुटक्या दाण्यातले तेल लवकर बिघडते आणि दुधाला वास येतो. तोच माल बियाण्याला ठेवला असेल तर उगवण ७० टक्क्यांच्या खाली जाऊ शकते आणि मग बियाणे म्हणूनही तो बाद होतो.