मिग-२१ चा मोडका पंख आणि पॉलिस्टायरीनच्या साखळ्या

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून हवाई दलात असलेल्या या विमानाच्या बातम्या बघून आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या एका मुलाने वडिलांचं जुनं प्लॅस्टिकचं मॉडेल माळ्यावरून काढलं. डावा पंख मुळाशी मोडलेला, मोडीची कड पांढरट पडलेली. "काका, सुपरग्लू लावू?"

नको. सुपरग्लू, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे कडक होतो आणि दोन तुकड्यांमध्ये स्वतःचा वेगळा, ठिसूळ थर बनवतो. सरळ ओढ तो सोसतो, आडवा झटका सोसत नाही. १:७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, या विमानाच्या पंखांचा विस्तार जेमतेम १० सेंटीमीटर. मॉडेल उचलताना टोकाला बोट लागलं की सगळा जोर मुळावरच येतो.

मॉडेलचं प्लॅस्टिक असतं पॉलिस्टायरीन. त्याचा एकेक रेणू म्हणजे हजाराहून अधिक कड्यांची लांबलचक साखळी. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या खाली या साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात, म्हणून प्लॅस्टिक काचेसारखं कडक. मॉडेलवाल्यांचं पातळ सिमेंट हा गोंद नव्हेच. तो अ‍ॅसिटोन, ब्यूटिल अ‍ॅसिटेट यांसारखा द्रावक, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवणारा द्रव. त्याचे चिमुकले रेणू साखळ्यांमध्ये शिरले की थिजण्याचं तापमान खोलीच्या तापमानाखाली उतरतं. वरचा पातळ थर मऊ होतो आणि साखळ्या हलू लागतात. पण शेजारणींच्या गर्दीत आडवं सरकायला जागा नसते. साप बिळातून सरकतो तशी प्रत्येक साखळी लांबीच्या दिशेनेच पुढे जाते. १९७१ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी हे गणितात मांडलं; १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्या गणितानुसार साखळी दुप्पट लांब असेल, तर तिला आपल्या जागेतून पूर्ण बाहेर पडायला आठपट वेळ लागतो. या तुकड्यातल्या साखळ्यांची टोकं त्या तुकड्यात शिरतात, गुंततात, द्रावक उडून जातो आणि गुंता तसाच थिजतो. आता मधे तिसरा पदार्थच उरत नाही.

म्हणून आधी मोडीवरचा जुना रंग खरवडायचा, नाहीतर द्रावक प्लॅस्टिकपर्यंत नीट पोचत नाही. तुकडे जुळवून ब्रशने फटीत सिमेंट सोडायचं, ते आपसूक आत ओढलं जातं. मग हलकं दाबायचं. सांध्यावर मऊ झालेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर आली, की काम साधलं. ती लगेच पुसू नका. रात्रभर राहू द्या, मग घासा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

मोडकी वस्तू घरात ठेवली की वास्तुदोष लागतो, असं सांगून अशी मॉडेलं कचऱ्यात टाकायला लावणारे भेटतात. त्याला काडीचा आधार नाही. प्लॅस्टिक मोडतं ते जोर पडल्याने, आणि वर सांगितलं तसं ते सांधताही येतं.

पुटी आणि बारीक पॉलिश पेपरनंतर करडा प्रायमर द्या. त्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा दिसतो. चंदेरी रंग तर काहीच लपवत नाही. लॅकर, म्हणजे भराभर उडणाऱ्या द्रावकातला रंग, मात्र ठाण्याच्या पावसाळ्यात मारू नका. द्रावक उडताना रंगाचा थर गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि पांढुरकी झाक येते. या मुलाच्या पंखाला प्रायमर लागलाय. चंदेरी हात पाऊस पुरता ओसरून हवा कोरडी झाल्यावर.