टाकाऊ प्लॅस्टिकची गाळणपटले

पाण्याच्या बाटल्या, डबे, पिशव्या, थर्माकोल अशा आवेष्टनांच्या टाकाऊ प्लॅस्टिकपासून केलेली, सूक्ष्म छिद्रांची पातळ पटले (मेम्ब्रेन). गढूळपणा व जीवाणू गाळण्यासाठी उपयोग.

उगमाबद्दल मतभेद आहेत. छिद्रांचा आकार ठरवून कोलोडियनची (नायट्रोसेल्युलोजच्या चिकट द्रावाची) पटले जर्मन रसायनज्ञ बेखोल्ड यांनी १९०७ च्या सुमारास केली. काही जण आरंभ तेथेच धरतात. इतर जण तो लोएब व सुरीराजन या संशोधकांपासून धरतात. या दोघांनी १९६० च्या आसपास लॉस एंजेलिसला सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा द्राव काचेवर पसरून पाण्यात बुडवला. विद्रावक पाण्यात निघून गेला आणि वर दाट पापुद्रा, खाली सच्छिद्र आधार असे पटल उरले. टाकाऊ प्लॅस्टिकची बरीच पटले याच रीतीने होत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पेटच्या (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या) फिल्मवर जड आयनांचा मारा करून अल्कलीने छिद्रे कोरण्याची रीत निराळी. तिला नवी, एकसारख्या जाडीची फिल्म लागते.

पेट साध्या विद्रावकांत विरघळत नाही. ट्रायफ्ल्युओरोअ‍ॅसिटिक आम्ल, फिनॉल, क्रेसॉल यांसारखी घातक द्रव्ये लागतात. ती परत मिळवण्याची सोय नसेल, तर कचरा कमी करताना विषारी सांडपाणी वाढते. खाडीकाठी असा उद्योग मुळीच उभारू नये. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिथिलीन तापलेल्या तेलकट द्रवांत विरघळवून थंड करतात. थर्माकोल सहज विरघळतो, पण त्याचे पटल ठिसूळ होते. बहुपदरी पुड्या जवळजवळ निरुपयोगी.

कोकण किनाऱ्यावर कच्च्या मालाचा प्रश्न वेगळा आहे. पेटची घनता सुमारे १.३८, समुद्राच्या पाण्याची १.०२५, त्यामुळे उघड्या बाटल्या बुडतात आणि पावसाळी वाऱ्याने पुळणीवर येतात ती मुख्यतः झाकणे, पिशव्या, थर्माकोल व बूच लावलेल्या बाटल्या. उन्हाने या प्लॅस्टिकच्या रेणुसाखळ्या तुटलेल्या असतात आणि पटल कमजोर निघते. म्हणून मालवण-तारकर्लीसारख्या पर्यटनस्थळी खानावळी व निवासांतूनच बाटल्या वेगळ्या घेणे अधिक हिताचे.

पावसात गढूळ होणाऱ्या नद्या-विहिरींच्या पाण्यासाठी ही पटले उपयोगी पडू शकतात. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेथे मात्र ती पुरी पडत नाहीत: अतिसूक्ष्म गाळणीची छिद्रे साधारण २ ते १०० नॅनोमीटर असतात, मिठाचे आयन १ नॅनोमीटरहूनही लहान. अशा ठिकाणी आरओ (क्षार काढणाऱ्या) यंत्राआधीची गाळणी एवढाच त्यांचा उपयोग.