इंटरफेसचा सातबारा: मोठ्या कंपनीतल्या एपीआय-व्यवस्थापनाची पार्श्वभूमी

चाकणच्या एका गोदामात शनिवारी पहाटे स्कॅनर लेबलं ओळखेनासे झाले. खोक्यावर छापलेला पार्ट नंबर होता 0047310 आणि सिस्टिमकडून येत होता 47310. पुढची दोन शून्यं कुठे गेली हे सापडेपर्यंत सकाळचे अकरा वाजले. तोवर गेटबाहेर गाड्यांची रांग लागली होती. मी तेव्हा एका वाहनउद्योगातल्या कंपनीच्या आयटी विभागात होतो आणि त्या सकाळी फोन माझ्याकडे आला होता.

कारण निघालं ते एवढंच. आदल्या रात्री एका टीमने पार्ट मास्टरच्या (सगळ्या सुट्या भागांच्या मुख्य यादीच्या) सर्व्हिसचं, म्हणजे इतर प्रणालींना ती माहिती पुरवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नवं व्हर्जन प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेवर, चढवलं होतं. जुन्या व्हर्जनमध्ये पार्ट नंबर मजकूर म्हणून जायचा, नव्यात तो आकडा म्हणून जाऊ लागला. आकड्याला पुढची शून्यं नसतात. टीमने बेफिकिरी केली होती असंही नाही. ही सर्व्हिस वापरणाऱ्या चार विभागांची यादी त्यांच्याकडे होती आणि चौघांनाही मेल गेली होती, चौघांनी तपासून होकार दिला होता. गोदाम पाचवं होतं.

ते पाचवं नाव यादीत का नव्हतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

इंटरफेस म्हणजे दोन प्रणालींमधला करार. मी अमुक मागितलं की तू तमुक द्यायचं, ठरलेल्या स्वरूपात द्यायचं. असा करार लिहून ठेवायची पद्धत संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी 1951 मध्ये प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक काढलं, त्यात तयार सबरूटीनच्या (पुन्हा पुन्हा वापरायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) संग्रहाची माहिती आहे: प्रत्येक सबरूटीनला काय द्यायचं, ती काय परत देते, किती जागा घेते. वापरणारे सगळे त्याच प्रयोगशाळेतले. काही बदललं तर शेजारच्या टेबलावर सांगितलं की झालं. वापरणाऱ्यांची वही ठेवायची गरजच नव्हती.

‘अ‍ॅप्लिकेशन प्रोग्रॅम इंटरफेस’ (ज्याला आज आपण एपीआय म्हणतो) हा शब्द 1968 मधल्या एका शोधनिबंधात आला, आयरा कॉटन आणि फ्रँक ग्रेटोरेक्स यांच्या. त्याच वर्षी मेल्विन कॉन्वे यांनी मांडलं की एखादी संस्था जी प्रणाली घडवते तिच्यावर त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याचाच ठसा उमटतो. ज्या दोन विभागांचं एकमेकांशी बोलणं नाही, त्यांच्या प्रणालींमधला इंटरफेसही तसाच तुटक असतो. माझ्या अनुभवात याला अपवाद सापडलेला नाही. पुढे 1972 मध्ये डेव्हिड पार्नास यांनी सांगितलं की जे निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे ते मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या त्या भागाच्या, आत झाकून ठेवा, बाहेरच्याला त्यांचा पत्ता लागू देऊ नका. पार्ट नंबर आत मजकूर आहे की आकडा, हा अगदी याच जातीचा निर्णय. तो बाहेर दिसला आणि आमची सकाळ गेली.

मोठ्या कंपन्यांत मात्र बराच काळ इंटरफेस म्हणजे फाइल. रात्री दोनला बॅच जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालणार, ठरलेल्या फोल्डरमध्ये फ्लॅट फाइल (साधी मजकुराची फाइल) टाकणार, पहाटे दुसरा जॉब ती उचलणार. पहिले दहा रकाने पार्ट नंबर, पुढचे आठ तारीख. कराराचा कागद म्हणजे कॉपीबुक, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत फाइलचे रकाने लिहून ठेवायचा तुकडा. ही पद्धत गावंढळ म्हणून हसण्यासारखी नाही. आजही अनेक कारखान्यांचा महिनाअखेरचा हिशेब अशाच फायलींवर चालतो आणि नीट चालतो. तिचा दोष एकच: फोल्डरमध्ये पडलेली फाइल कोण वाचून जातं हे फाइल लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

पुण्यात सॉफ्टवेअर आलं ते या वातावरणात. इन्फोसिसची नोंदणी 1981 मध्ये पुण्यातच झाली. त्याच वर्षी टाटा समूहाचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र इथे सुरू झालं, त्यामागे टीसीएसचे फकीरचंद कोहली यांची दृष्टी होती. 1988 मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आली, 1990 मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी. पुढे हिंजवडी उभी राहिली. एकीकडे पिंपरी-आकुर्डीचे कारखाने, दुसरीकडे परदेशी बँकांची आणि विमा कंपन्यांची कामं करणारी ऑफिसं. त्यामुळे इथल्या पोरापोरींनी इंटरफेस बहुतेक वेळा खालच्या बाजूने पाहिला. करार परदेशात ठरलेला असायचा आणि इथे मेलमधून स्पेक, म्हणजे काय बनवायचं त्याचा तपशील, यायचा. तो का असा आहे हे विचारायची सोय कमीच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाय-टू-के आलं, म्हणजे 2000 साल लागताच जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा चुकण्याची भीती. लोकांना त्यातलं दोन अंकी वर्षाचं प्रकरण आठवतं. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे कोणत्या प्रणाली आहेत, कोणती फाइल कुठून कुठे जाते, याची पूर्ण यादी करणं कंपन्यांना भाग पडलं, कारण तारीख कुठून कुठे वाहते हे कळल्याशिवाय ती दुरुस्त कशी करणार? त्या यादीवर माणसांची वर्षं खर्ची पडली. मग 1 जानेवारी 2000 सुखरूप उजाडला आणि याद्या कपाटात गेल्या. दोन-तीन वर्षांत त्या निरुपयोगी झाल्या.

दरम्यान यंत्रांनी एकमेकांना थेट हाक मारायचं तंत्र पिकत होतं. दूरच्या यंत्रावरचं काम जवळच्या फंक्शनसारखं कसं बोलवायचं, हे बिरेल आणि नेल्सन यांनी 1984 मध्ये दाखवलं. अशा हाकांसाठी 1991 मध्ये कोर्बा हे मानक आलं, पुढे मायक्रोसॉफ्टचं डीकॉम. 1993 मध्ये आयबीएमचं एमक्यूसिरीज आलं, ज्याने निरोप रांगेत ठेवून शांतपणे पोचवायची सोय केली. 1998 मध्ये माहिती खुणा लावून लिहायच्या एक्सएमएलचं मानक ठरलं, त्यावर निरोप पाठवायचं सोप आणि सर्व्हिसचं वर्णन लिहायचं डब्ल्यूएसडीएल उभे राहिले. आता करार यंत्रालाही वाचता येऊ लागला.

याच सुमारास कुणाच्या तरी लक्षात आलं की नोंदवही लागेल. 2000 मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी यूडीडीआय जाहीर केलं. कल्पना अशी की जगातल्या सगळ्या सर्व्हिसची नोंद एका ठिकाणी असावी, ज्याला हवी त्याने शोधावी आणि जोडून घ्यावी. कल्पना चांगली होती. पण 2006 च्या जानेवारीत ती सार्वजनिक नोंदवही बंद झाली. कंपन्यांच्या आतल्या तशाच नोंदवह्याही मी पाहिल्या आहेत. सुरुवातीला उत्साहाने भरलेल्या, मग शिळ्या.

असं का होतं हे मला सातबाऱ्यावरून उमगलं. आपल्याकडे गाव नमुना सातवर हक्क कुणाचा ते असतं, नमुना बारावर पीक कोणतं ते, आणि हक्क बदलला की नमुना सहाच्या वहीत फेरफार पडतो. राज्यभरातल्या या अभिलेखांचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्या जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. सातबाऱ्यात चुका असतात, भांडणं असतात, तरी ती व्यवस्था पिढ्यानपिढ्या टिकली. कारण उताऱ्यावाचून माणसाचं काम अडतं. बँक कर्जाआधी उतारा मागते. खरेदीखत झालं तरी फेरफार मंजूर होईपर्यंत घेणाऱ्याला चैन नसतं. यूडीडीआयमध्ये नोंद केली नाही म्हणून कुणाचंही काही अडत नव्हतं. पत्ता माहीत असला की सर्व्हिस थेट बोलवता यायची. जी वही न भरता काम चालतं ती वही कुणी भरत नाही, आणि याबद्दल माणसांना दोष देण्यात अर्थ नाही.

2000 नंतर मोठ्या कंपन्यांनी एसओए (सगळं काम स्वतंत्र सर्व्हिसमध्ये मांडायची पद्धत) आणि त्यासोबत ईएसबी (सर्व्हिसना जोडणारं मधलं सॉफ्टवेअर, ‘बस’) घेतली. सगळी बोलणी एका मधल्या बसवरून जाणार, तिथेच रूपांतर, तिथेच नोंद. इथे नोंदीवाचून काम अडत होतं खरं, पण अडतच राहिलं. एक रकाना वाढवायचा तरी मधल्या टीमच्या रांगेत उभं राहायचं. घाईतली टीम मग बाजूने थेट जोडणी करून घ्यायची आणि ती कुठेच लिहिलेली नसायची. 2009 च्या जानेवारीत विश्लेषक अ‍ॅन थॉमस मेन्स यांनी एसओए मेल्याचं लिहिलं, सर्व्हिस मात्र राहतील असंही सांगितलं. झालंही तसंच.

दुसरी वाट अ‍ॅमेझॉनची. 2011 मध्ये तिथले माजी अभियंते स्टीव्ह येगी यांचं एक लांबलचक टिपण चुकून सार्वजनिक झालं. जेफ बेझोस यांनी 2002 च्या आसपास काढलेल्या फर्मानाची हकिकत त्यात आहे: प्रत्येक टीमने आपला डेटा आणि काम सर्व्हिस इंटरफेसमधूनच द्यायचं, दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये हात घालायचा नाही, आणि प्रत्येक इंटरफेस उद्या बाहेरच्यांना देता येईल असा घडवायचा. लोक एवढंच सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. हे केल्यावर काय काय त्रास झाला तेही येगींनी सांगितलं आहे. एखादा बिघाड वीस सर्व्हिसमधून फिरत येतो, मग मूळ धरायचं कुणी? शेजारची टीम नकळत इतक्या हाका मारते की आपली सर्व्हिस झोपते, म्हणून प्रत्येकाला मर्यादा घालावी लागते. आणि कोणत्या सर्व्हिस अस्तित्वात आहेत हे कळायलाच वेगळी यंत्रणा लागते. आज एपीआय-व्यवस्थापन या नावाखाली जे विकलं जातं त्याची जवळपास सगळी यादी इथे आली.

रॉय फील्डिंग यांनी 2000 मध्ये आपल्या प्रबंधात रेस्टची, म्हणजे वेबच्याच रीतीने इंटरफेस घडवायच्या शैलीची, मांडणी केली होती. जेसन या माहिती लिहायच्या स्वरूपाच्या साधेपणासोबत ती शैली पुढच्या दहा वर्षांत सगळीकडे पोचली. इंटरफेस काढणं दोन दिवसांचं काम झालं. 2014 मध्ये जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखानंतर मायक्रोसर्व्हिसेसचं (मोठी प्रणाली अनेक छोट्या सर्व्हिसमध्ये तोडायचं) वारं सुटलं, तेव्हा संख्या झपाट्याने वाढली. कराराचं स्वरूप ठरवायला 2010 च्या सुमारास स्वॅगर आलं होतं. 2015 च्या अखेरीस ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनएपीआय म्हणून गेलं. पार्ट नंबर मजकूर आहे की आकडा, हे ओपनएपीआयच्या करारफायलीत एका ओळीत लिहिता येतं, आणि कुणी ती ओळ बदलली तर रिलीजआधीच चाचणी अडवू शकते. आमच्याकडे ती फाइल होती. अडवणारी चाचणी नव्हती.

मग गेटवे, म्हणजे एपीआयच्या सगळ्या हाका जिथून जातात ते दार. गूगलने 2016 मध्ये याच क्षेत्रातली अपिजी ही कंपनी विकत घेतली, सेल्सफोर्सने 2018 मध्ये म्यूलसॉफ्ट, यावरून या गोष्टीला किती किंमत आली ते दिसतं. गेटवेवर चावीशिवाय (ओळख पटवणाऱ्या संकेताशिवाय) प्रवेश नाही, आणि चावी हवी तर नाव, टीम, कारण नोंदवा. इथे सातबाऱ्याची अट पहिल्यांदा नीट पुरी झाली. नोंद ही कामाच्या वाटेवरच आली.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्या भोसरीच्या छोट्या कारखानदारांनी अनुभवलं आहे. जीएसटीचं ई-इन्व्हॉइसिंग 1 ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींवरच्या उलाढालीसाठी सक्तीचं झालं, मग टप्प्याटप्प्याने खाली येत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींपर्यंत आलं. बिलाचा तपशील ठरलेल्या साच्यात पोर्टलकडे जातो आणि 64 अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड परत येतो. साचा आधी जाहीर झालेला, त्याला व्हर्जन दिलेलं, सरावासाठी वेगळं सँडबॉक्स, आणि कोण बोलतंय हे प्रत्येक हाकेच्या वेळी ठाऊक. ज्यांच्या स्वतःच्या कंपनीत दोन विभागांमध्ये एवढी शिस्त नव्हती, त्यांनीही सरकारशी बोलताना ती पाळली.

सुरक्षेचा रेटा वेगळ्या बाजूने आला. ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने 2019 मध्ये एपीआयच्या धोक्यांची पहिली दहाची यादी काढली. तिच्यात नवव्या क्रमांकावर होतं एपीआयची नीट नोंद नसणं: विसरलेली जुनी व्हर्जनं, कुणाचं लक्ष नसलेले टेस्टचे पत्ते. 2023 च्या सुधारित यादीतही तो धोका नवव्या जागी कायम आहे. म्हणजे जी गोष्ट आम्ही गैरसोय समजत होतो ती दार उघडं राहण्याची गोष्ट होती.

आता आमच्या गोदामाकडे येतो. आमच्याकडेही गेटवे होता. चौघांची यादी त्यातूनच काढलेली. गोदामाची जोडणी गेटवे येण्याच्या आधीची, सर्व्हरच्या पत्त्यावर थेट केलेली. ती करणारा व्हेंडर बदलून गेला होता आणि स्कॅनरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता हाताने भरलेला होता. त्या सोमवारी आम्ही गेटवे बाजूला ठेवून सर्व्हरचाच लॉग (प्रत्येक हाकेची आपोआप होणारी नोंद) उघडला आणि कोणत्या यंत्राकडून हाक येते ते एकेक करून लिहीत गेलो. पत्ता दिसायचा, माणूस सापडायचा नाही. मग नेटवर्कवाल्यांना विचारा, त्यांच्याकडून स्विचचा पोर्ट, त्यावरून इमारत, आणि इमारतीत जाऊन यंत्र शोधा. दोन आठवड्यांत नावं आठ झाली.

तशी ‘बंद करून बघू, कोण ओरडतं ते’ ही पद्धतही आयटीत रूढ आहे, तिला स्क्रीम टेस्ट म्हणतात. मी तिच्या विरोधात आहे. ओरडणारा बहुतेक वेळा पहाटेच्या पाळीतला असतो आणि त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचायला तास जातात. त्याऐवजी आम्ही जुनं व्हर्जन नव्याशेजारी चालू ठेवलं, ते बंद होण्याची तारीख प्रत्येक उत्तरासोबत हेडरमध्ये (उत्तराच्या माथ्यावरच्या माहितीत) पाठवायला लागलो, आणि गेटवेबाहेरच्या चौघांना एकेक करून चाव्या देऊन गेटवेवर आणलं. वहीत प्रत्येकापुढे मालक म्हणून टीमचं नाव लिहिलं. माणसाचं नाव लिहायचं नाही असं ठरवलं, कारण माणसं कंपनी बदलतात.

लॉग आमच्याकडे नव्वद दिवसांचेच राहत, म्हणजे त्याहून क्वचित हाक मारणारा त्यात दिसेलच असं नव्हतं. म्हणून जुनं व्हर्जन बंद करायची तारीख एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. 31 मार्चच्या रात्री वर्षअखेरच्या साठ्याचं मूल्यांकन करणाऱ्या एका जुन्या जॉबने पार्ट मास्टरला हाक मारली, वर्षातून एकदाच मारायचा तशी. 1 एप्रिलला सकाळी त्या वहीत नववं नाव लिहिलं.