लाइट गेली तर लिफ्ट चालेल का?

सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर ‘नाही’ असं मिळालं की निम्म्या सभासदांचा उत्साह मावळतो. भर दुपारी गच्चीवर पॅनेल तापलेले असताना लिफ्ट बंद कशी?

मुंबईच्या इमारतींवर सहसा बसते ती ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याला (ग्रिडला) जोडलेली यंत्रणा. पॅनेलमधून डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज येते. इन्व्हर्टर तिची एसी, म्हणजे घरात येते तशी वीज करतो आणि बाहेरच्या विजेच्या 50 हर्ट्झच्या तालाशी जुळवून घेत ती इमारतीला पुरवतो. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःला लगेच बंद करून घेतो. तसं झालं नाही, तर दुरुस्तीला आलेला वायरमन ज्या तारेत वीज नाही असं समजून हात घालेल, तिच्यात आपल्या गच्चीवरून वीज जात राहील. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई अंधारात गेली, तेव्हा कितीही ऊन असतं तरी अशी यंत्रणा थांबणारच होती.

मग बॅटरीवाली घ्यावी का? पूर्ण ऑफ-ग्रिड, म्हणजे फक्त पॅनेल आणि बॅटरीवर चालणारी यंत्रणा जिथे तार पोचलेली नाही तिथे शोभते. इथे जुलैत आठवडाभर सूर्य दिसत नाही. तेवढे दिवस पुरेल इतकी बॅटरी ठेवायची कुठे? हायब्रिडमध्ये ग्रिड आणि बॅटरी दोन्ही असतात, पण हिशेब पाहा. घरगुती इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1.8 युनिट साठवते. 10 किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण 40 युनिट देतात, म्हणजे एका दिवसाची वीज साठवायलाच अशा वीसहून जास्त बॅटऱ्या लागतील. त्यात लिफ्टची मोटर सुरू होताना विजेचा मोठा झटका मागते, तो पेलणारा इन्व्हर्टर महाग पडतो. वरच्या मजल्यावर कुणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल, तर त्या एका घरापुरती बॅटरी जरूर घ्यावी. सगळ्या इमारतीसाठी मात्र मी ऑन-ग्रिडच सुचवेन. दुपारी उरलेली वीज नेट मीटरमधून, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, बाहेर जाते आणि बिलातून वजा होते. शिवाय 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे.

प्रकार ठरवण्याइतकंच महत्त्व सावलीला आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची सावली एकावर पडली, तर पुढची लोकल अडकल्यावर मागच्या खोळंबतात तशी सगळ्या रांगेची वीज घटू शकते. अशा गच्चीवर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर लावण्याचा जादा खर्च सार्थकी लागतो.

10 किलोवॉटला सुमारे 1,000 चौरस फूट मोकळी जागा लागते. कोटेशन मागवण्याआधी डिसेंबरात एकदा सकाळी नऊला, बाराला आणि तीनला गच्चीवर जाऊन खडूने सावल्या आखा. त्या महिन्यात मुंबईचा सूर्य दुपारीही दक्षिणेला कलून जेमतेम 47-48 अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेकडच्या टॉवरची सावली तेव्हाच सर्वात लांब पडते. जूनमध्ये पाहिलं तर ती दिसणारच नाही.