पॅडल दाबल्यानंतरचा अर्धा सेकंद

भोसरी-चाकणच्या एखाद्या लहान शेडमध्ये शिरलं की पत्र्यावर पंच आपटल्याचे हादरे छातीत जाणवतात. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं-वाकवणारं यंत्र. त्यावरचा माणूस पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, सरकवतो, पायाने पॅडल दाबतो, तयार नग काढतो, पुढचा तुकडा सरकवतो. शिफ्टभर हेच, हजारो वेळा. आणि एखाद्याचं बोट गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तुझं लक्ष कुठे होतं?"

हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते प्रेसच्या पोटात डोकावलं की कळतं.

जुन्या यांत्रिक प्रेसला एक जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, असतं आणि ते सतत फिरत असतं. पॅडल दाबलं की क्लचमधली पोलादी 'की' त्याला पंच वर-खाली नेणाऱ्या क्रँकशी जोडते. एकदा जोडली की क्रँकचा फेरा पुरा झाल्याशिवाय ती सुटत नाही. पाय उचला, मेन स्विच पाडा, पंच धरणारा वरचा भाग, म्हणजे रॅम, खाली येणारच, कारण ताकद फ्लायव्हीलमध्ये आधीच साठलेली असते. मिनिटाला 60 स्ट्रोकच्या प्रेसवर रॅम वरून खाली यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला साधारण पाव सेकंद धोका दिसून हात हलायला लागेपर्यंतच संपतो. त्यात की झिजलेली किंवा स्प्रिंग तुटलेली असेल, तर पॅडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. हाच डबल स्ट्रोक. त्या वेळी हात नग काढायला आत गेलेला असतो. इथे लक्ष काय करणार?

म्हणूनच अशा प्रेसला नुसता सेन्सर लावून भागत नाही. सेन्सरला हात दिसेलही, पण रॅम मधेच थांबवणारा घर्षण-क्लच आणि ब्रेक नसेल तर त्या दिसण्याचा उपयोग शून्य. की-क्लचच्या प्रेसला डायभोवती पक्का गार्डच हवा, पत्रा जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवलेला. यंत्राचे धोकादायक भाग झाकायची जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्यानेच मालकावर टाकली होती.

तुटलेलं बोट फेकू नका. बोटं वाकवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखाली असतात, बोटात येतात त्या फक्त त्यांच्या दोरीसारख्या कंडरा. रक्तपुरवठा तुटला की स्नायू लवकर मरतो. बोटात तो नसल्याने ते अख्ख्या पंजापेक्षा जास्त तास तग धरतं. 1965 मध्ये जपानी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तुटलेला अंगठा जोडून दाखवला. प्रेसमध्ये बोट बहुधा चेचलं जातं, त्यामुळे दर वेळी जमेलच असं नाही, पण ते सर्जनला ठरवू द्या. तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवला तर तो गोठून निकामी होतो.

1923 च्या भरपाई कायद्याने तर्जनी गेल्यास कमाईची क्षमता 14 टक्के घटली असं धरलं, अंगठ्याला मात्र 30. समोर येऊन पकड देणारा अंगठा गेला की पानासुद्धा धरता येत नाही. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू असेल तर कामावरच्या इजेसाठी संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळतं, ठेकेदाराच्या कामगारालाही. बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते, कायमचं अपंगत्व राहिलं तर दरमहा आयुष्यभर भत्ता. नुसता निष्काळजीपणा झाला म्हणून हे नाकारता येत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर केसपेपरवर 'कामावर प्रेसमध्ये हात सापडला' असंच लिहून घ्या, तारीख आणि वेळेसकट. 'घरी लागलं' असं सांगायला कुणी कितीही समजावलं, तरी.